जात सुटली, शंका राहिली

‘वाळीत टाकणे’ म्हणजे काय, हे पेण-रोह्याच्या श्रोत्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. गावकी बसते, दंड ठरतो, आणि तो भरला नाही की त्या घराशी बोलणे बंद होते. लग्नाचे आवतण नाही, मर्तिकाला खांदा नाही. जो त्या घराच्या पायरीवर चढेल त्यालाही दंड. आपल्या रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी एकामागून एक बाहेर येऊ लागल्या, आणि अखेर विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे.

मंडळीने माणसाला टाकले, तर कायदा काही करू शकतो. पण माणसानेच मंडळी टाकली असेल, तर त्याच्या मनात पुढे काय चालते? विचारपूर्वक, सर्वांच्या देखत तो बाहेर पडतो, आणि मग दहा वर्षांनी एखाद्या रात्री त्याला वाटते, आपले चुकले तर नाही ना? या शंकेचा इतिहास लिहिणे कठीण, कारण ती कोणालाच सोयीची नसते. जुनी मंडळी ती हाती लागली की म्हणतात, पाहा, याला पश्चात्ताप झाला. नवी मंडळी ती झाकून ठेवतात. आणि ज्याची शंका तो दोघांच्या भयाने गप्प बसतो. सुदैवाने एकोणिसाव्या शतकातल्या काही मराठी माणसांनी हे मौन पाळले नाही. त्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

त्या काळी आपल्याकडची सर्वांत कडक धर्मसंस्था म्हणजे जात. काय खावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, विधवेने केस ठेवावेत की नाही, समुद्र ओलांडावा की नाही, सारे तिने ठरविलेले. शिक्षाही तीच देई आणि प्रायश्चित्तही तीच सांगे. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली, तेव्हा सभासद होणाऱ्यास पाववाल्याच्या हातचा पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. हे सारे दार लावून. जातिभेद खोटा आहे अशी त्यांची बुद्धी त्यांस सांगत होती; पण सभा गुप्त होती, आणि सकाळी प्रत्येक जण आपल्या घरच्या पंक्तीला बसत होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली असे बाहेर कळताच सभा पांगली. या मंडळींना भित्रे म्हणून हसणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. यादी फुटली म्हणजे घरी कोण कोण आपल्या हातचे पाणी टाकून देईल, हे त्यांस नेमके ठाऊक होते.

शिवाय, गेलेल्याला परत येण्याची वाटही मोकळी नव्हती. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. बापाने कोर्टात जाऊन त्यास परत मिळविले. परंतु तो पाद्र्यांच्या घरी राहिलेला, तेव्हा त्याला पंक्तीस घ्यावयाचे कसे? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे अशी बाजू घेतली, तर मुंबईचा सनातनी वर्ग बाळशास्त्र्यांवरच उलटला. एका अल्पवयीन मुलाची ही कथा! मग जाणत्याची काय गत होणार? ज्या घराचे दार बाहेरून उघडत नाही, त्या घराची आठवण अधिकच छळते.

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत एक प्रसंग दिला आहे. १८७८ साली त्या आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री कलकत्त्यास आले. आईबाप १८७४ च्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते. सारी तीर्थे, सारी व्रते करूनही देवाने हाक ऐकली नाही, म्हणून दोघांची जुनी श्रद्धा बरीच ढळली होती. अशा वेळी ख्रिस्ती मंडळींनी त्यांस आपल्या मेळाव्यास बोलाविले. तेथे इंग्रजांच्या पंक्तीस बसून चहा-बिस्किटे घेणारे ब्राह्मण पाहून दोघांना वाटले, कलियुग आता पुरते भरले! पुढे प्रार्थनेसाठी मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसली, तेव्हा ही माणसे खुर्च्यांची पूजा करतात अशीच त्यांची समजूत झाली. रमाबाई हे लिहितात ते हसत हसत. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विश्वास उडाला होता आणि किळस शाबूत होती. नियमाचे कारण मनातून जाते, तरी नियम हाताच्या बोटांत आणि घशात राहतो.

त्याच रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. नंतरही त्या शाकाहारी राहिल्या. त्यांच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असा तेथील जोगिणींचा आग्रह, तर आपली अक्षरे संस्कृतच हवीत असा रमाबाईंचा. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घातला आणि स्पष्ट कळविले की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने उतरविले आहे, ते दुसऱ्याचे चढविण्यासाठी नव्हे. त्या भल्या बाईला हा अहंकार वाटला. मला तो बाहेर पडलेल्या माणसाचा स्वाभाविक सावधपणा वाटतो. एकदा पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण उगीच पडलेली नाही.

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हा विषय निवडला त्यांच्याकडे वळू. नीलकंठशास्त्री गोऱ्हे. घराणे कोकणस्थ, पण पोटापाण्यासाठी बुंदेलखंडात गेलेले. जन्म १८२५ चा, वाढले काशीत. विशी गाठते न गाठते तोच शास्त्रांत निष्णात झालेला हा तरुण पंडित पाद्र्यांचे खंडन करावयास निघाला. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा हिंदुधर्माच्या बचावाचा संस्कृत ग्रंथ त्याने लिहिला. प्रतिपक्षाचा ग्रंथ नीट वाचल्याविना खंडन करू नये ही शास्त्र्यांची जुनी रीत. त्या रीतीने बायबल वाचता वाचता हा गृहस्थ स्वतःच डळमळला. १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून दूर, जौनपुरास, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो नेहेम्या गोऱ्हे झाला. पुढे १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्याने साही दर्शनांवर उलट टीका केली. येथवरची कथा मिशनरी पत्रकांत शोभेल अशी आहे.

परंतु गोऱ्ह्यांचे मन तेथे थांबले नाही. १८५४ साली ते महाराजा दुलीपसिंगाच्या परिवाराबरोबर इंग्लंडास गेले. मॅक्समुल्लरने त्यांची आठवण लिहून ठेवली आहे: लंडनचे जीवन पाहून हा पंडित खचून गेला होता, याला ख्रिस्ती धर्म म्हणत असतील तर आपण ख्रिस्ती नव्हेच, आपल्याला घरी जाऊ द्या, असे त्याचे म्हणणे. तरी ते परत हिंदू झाले नाहीत. शंकांनी मात्र त्यांचा पिच्छा अखेरपर्यंत सोडला नाही. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला पुरावा काय, हा प्रश्न ते आयुष्यभर स्वतःला विचारीत राहिले. एका संप्रदायातून दुसऱ्या संप्रदायात गेले, ऑक्सफर्डच्या काउली संन्याशांत राहिले, तेथेही मन स्थिर होईना. हे सारे ते आपल्या गुरुजनांना आणि मित्रांना मोकळेपणाने सांगत, लपवीत नसत.

आणि नवल पाहा, रमाबाईंच्या शंका फेडणारी पत्रे लिहिली ती याच गोऱ्ह्यांनी! रमाबाईंच्या धर्मांतरात त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. स्वतःच्या शंका फिटल्या नाहीत त्याने दुसऱ्याच्या फेडाव्या, यात मला ढोंग दिसत नाही. पूर्वपक्ष उभा करावयाचा, त्याला उत्तर द्यावयाचे, मग त्या उत्तरावर पुन्हा आक्षेप घ्यावयाचा, ही काशीची शिकवण. गोऱ्ह्यांनी धर्म बदलला, पण बुद्धीची ही चाल कशी बदलावी? काशीनेच त्यांस बाहेर नेले, आणि बाहेर गेल्यावरही काशीच त्यांच्यात प्रश्न विचारीत राहिली. त्यांच्या शंकेवरून हिंदुधर्म खरा ठरत नाही आणि ख्रिस्ती धर्म खोटा ठरत नाही. एवढेच दिसते की, माणूस प्रामाणिक होता.

पुण्यातील ज्या पंचहौद मिशनशी त्यांच्या संन्यासी बंधूंचा संबंध होता, तेथेच १८९० चे ते प्रसिद्ध चहाप्रकरण घडले. गोपाळराव जोश्यांनी पुण्याच्या प्रतिष्ठितांस व्याख्यानाच्या निमित्ताने नेले, चहा-बिस्किटे पुढे आली, आणि मग कोण कोण होते त्यांची नावे ‘पुणे वैभवा’त झळकली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्यांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली स्नेह्यांच्या अडचणीसाठी प्रायश्चित्त घेतले. १८७५ साली ज्यांनी पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ते हे रानडे. म्हणजे आपण आज ज्या प्रथेने येथे जमलो आहोत, तिचा जनकही या कोंडीतून सुटला नव्हता.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी. त्यांना वेदान्त नडला नाही, नडले ते सोवळे. वडिलांच्या घरी शिवाशिवीचे इतके वेड की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईंना जणू वैधव्यच आले. काही वर्षांनी त्या नवऱ्याजवळ नगरास आल्या, त्या आपली चूल वेगळी ठेवून. टिळकांनीही सक्ती केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास दिसते की लक्ष्मीबाईंची जात आधी गेली आणि धर्म मागाहून, १९०० साली, बदलला. मोठमोठ्या पंडितांना हा क्रम साधला नाही. त्यांनी पुस्तकातून आरंभ केला. या बाईंनी चुलीतून केला. म्हणून की काय, गोऱ्ह्यांसारखी टोचणी त्यांच्या लिखाणात आढळत नाही. त्या स्वतःच्या जुन्या सोवळ्यावर पोट धरून हसू शकतात.

ज्या १८९५ साली टिळकांनी धर्म बदलला त्याच साली ऑक्टोबरात गोऱ्हे मुंबईस वारले, आणि त्याच साली सप्टेंबरात पेण तालुक्यातल्या गागोद्यास विनोबांचा जन्म झाला. १९१८ साली आई गेली तेव्हा विनोबांनी भटजीकडून क्रियाकर्म करविण्यास नकार दिला. घरच्यांनी ऐकले नाही, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. घरी वेद उघडून बसले. त्यांनी भटजी सोडला तो वेद हातात घेऊन. हातात दुसरे काही असले, म्हणजे सोडलेल्याची रुखरुख कमी लागत असावी.

पण सर्वांच्याच हाती तसे ग्रंथ कोठले? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी लाखोंना बौद्ध धम्माची दीक्षा दिली, तीत बावीस प्रतिज्ञा होत्या. ब्रह्मा-विष्णू-महेश मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून कोणताही विधी करवून घेणार नाही. इतक्या बारकाईने त्या का सांगितल्या असाव्यात? जुने पुन्हा कोठून शिरते, हे त्यांस चांगले ठाऊक होते असे मला वाटते. आणि दोन महिने होण्यापूर्वीच, ६ डिसेंबरला, ज्यांस विचारावयाचे तेच गेले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली ज्यांचे बापभाऊ गेले होते, अशा आपल्या जिल्ह्यातल्या घरांनी देव्हारे रिकामे केले. निर्णय पक्का होता. पण मूल तापाने फणफणले, म्हणजे म्हातारी आजी मध्यरात्री रिकाम्या कोनाड्याकडे बघणारच. तिला कोणी फितूर म्हणू नये.

त्या बावीसांतील तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीला देव न मानण्याची आहे. नागपुरास ती म्हणणे आणि पेणला पाळणे यांत अंतर आहे. येथे गणपती आधी महिनोन् महिने ओळीने वाळत असतात; कारखान्यांत रंगकाम चालते, ट्रक भरून मूर्ती मुंबईला जातात, आणि त्या मजुरीवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. भाद्रपदात शेजारच्या घरून मोदकांचे ताट येते. ते घ्यावे की परत पाठवावे, की घेऊन नुसता खाऊ म्हणून मुलांना द्यावे, हे अशा घरांतून दरवर्षी नव्याने ठरवावे लागते, आणि एका भिंतीआड राहणाऱ्या दोन भावांकडेही ते वेगवेगळे ठरते.