रक्तपुनःप्रवाहजन्य स्नायुइजा

काही तास रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूंत रक्त पुन्हा खेळू लागल्यावर होणारा दाह आणि पेशीनाश. वैद्यकीय व्यवहारात ‘रिपर्फ्यूजन इंज्युरी’ हे नाव रूढ आहे. ढिगाऱ्याखाली हातपाय दबणे, मुख्य रोहिणीत गुठळी अडकणे आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळलेला पट्टा फार वेळ तसाच राहणे, ही तिची नेहमीची कारणे. इजा मोठ्या स्नायूंना झाली की तिचे परिणाम सर्व शरीरावर होतात; दबून झालेल्या इजेतील या अवस्थेला क्रश सिंड्रोम म्हणतात.

इतिहास : १९०८ च्या मेसिना भूकंपानंतर आणि पहिल्या महायुद्धात असे रुग्ण आढळले होते. जपानी वैद्य सेइगो मिनामी यांनी १९२३ मध्ये जर्मनीत अशा मृत्यूंमधील मूत्रपिंडांचे वर्णन केले, पण ते फारसे वाचले गेले नाही. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांच्या काळात एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी मार्च १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चार रुग्णांची हकिकत दिली. हे चौघे काही तास पडझडीखाली अडकले होते. बाहेर काढले तेव्हा प्रकृती बरी वाटत होती. नंतर दबलेला अवयव टणक सुजला, रक्तदाब घसरला, लघवी कमी होत गेली आणि चौघेही दगावले. मूत्रपिंडाच्या नलिकांत तपकिरी साचे आढळले. चुकीच्या गटाचे रक्त दिल्याने मरण पावलेल्यांच्या मूत्रपिंडांशी हे चित्र जुळत होते. तो रंग स्नायूंतील मायोग्लोबिनचा असल्याचे पुढे बायवॉटर्स यांनी दाखवले. मूत्रपिंडविकाराच्या अभ्यासात हे काम पायाभूत मानले जाते.

क्रिया : रक्त बंद असताना पेशीला ऊर्जा देणारे एटीपी संपत जाते, पेशीपटलावरील पंप मंदावतात, सोडियम व कॅल्शियम आत साचतात आणि लॅक्टिक अम्ल वाढते. साधारण चार तासांनंतर स्नायूंचे नुकसान वाढत जाते. सहा तासांनंतर ते बहुधा भरून येत नाही. रक्तासोबत ऑक्सिजन परतला की त्यापासून सुपरऑक्साइडसारखी मुक्त मूलके तयार होतात व पेशीपटले फाटतात. झँथिन ऑक्सिडेज या विकराची यातील भूमिका ग्रेंजर, रुटिली व मॅकॉर्ड यांनी १९८१ मध्ये मांजराच्या आतड्यावरील प्रयोगांतून मांडली. मानवी स्नायूंत हे विकर मुख्यतः केशवाहिन्यांच्या अस्तरात असते. तेथे त्याचा वाटा किती, याविषयी एकमत नाही.

त्याच वेळी केशवाहिन्यांचे अस्तर चिकट होते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, बाहेर पडून ऊतकांत शिरतात आणि आपली विकरे सोडतात. रक्तातील पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनेही दाह वाढवतात. वाहिन्या पाझरू लागतात. काही केशवाहिन्या तुंबून राहतात व रोहिणी मोकळी होऊनही तेथे रक्त पोचत नाही. स्नायूंभोवतीचे पटल ताणले जात नसल्याने सुजेचा दाब आतल्या आत चढतो आणि प्रवाह दुसऱ्यांदा तुटतो (कंपार्टमेंट सिंड्रोम).

मूत्रपिंडावरील परिणाम : फाटलेल्या स्नायूपेशींतून पोटॅशियम, मायोग्लोबिन व अम्ल रक्तात येतात. पोटॅशियममुळे सुटकेनंतर थोड्याच वेळात हृदय थांबू शकते. लघवी काळ्या चहासारखी दिसते. कित्येक लिटर द्रव सुजलेल्या स्नायूंत शोषला गेल्याने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि मायोग्लोबिनचे साचे नलिका बुजवतात. १७ ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानातील मार्मारा भूकंपात मूत्रपिंडे बाधित झालेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस लागले.

उपचार : सर्वांत मोलाचे औषध साधे सलाईन आहे. ते दाब उचलण्यापूर्वीच, प्रौढांना तासाला सुमारे एक लिटर या गतीने, शिरेतून सुरू करावे आणि पुढे लघवीच्या प्रमाणानुसार बदलावे. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम असल्याने ते टाळतात. सोडाबायकार्ब व मॅनिटॉल यांच्या उपयोगाविषयी मतभेद आहेत. रोहिणी मोकळी केल्यावर दाब चढत असेल तर पटल छेदून स्नायू मोकळे करतात. भूकंपग्रस्तांत ही शस्त्रक्रिया सरसकट करावी की नाही, हा वाद आहे.

दाहरोधक औषधे : प्राण्यांत अनेक उपयोगी ठरली, नेहमीच्या उपचारात एकही आलेले नाही.

प्रतिबंध : शस्त्रक्रियेत पट्टा शक्यतो दोन तासांच्या आत सोडतात. सर्पदंशानंतर अवयवाला करकचून दोरी बांधणे याच कारणानेही घातक आहे. पावसाळ्यात इमारती कोसळतात त्या शहरांत आणि किल्लारीसारखा भूकंप सोसलेल्या प्रदेशांत बचाव पथकासोबत सलाईन लावणारा प्रशिक्षित माणूस असलाच पाहिजे. ढिगाऱ्यातून निघालेला माणूस नीट बोलतो आहे म्हणून त्याला घरी पाठवू नये. आधी रक्तातील पोटॅशियम तपासावे आणि लघवीचा रंग व प्रमाण पाहावे.