मोठ्या जागांवरचं वाय-फाय सांभाळणारा फील्ड इंजिनिअर: काम नेमकं काय असतं?

"मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की आमच्या घरचे "नेटवर्कचं काम" असं सांगून मोकळे होतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एसी ऑफिस येतं. लॅपटॉप असतो खरा, पण बहुतेक वेळा तो एका हातावर तोललेला, दुसरा हात शिडीवर आणि पायात सेफ्टी शूज. दहावी-बारावीनंतर या लाइनचा विचार करणाऱ्या मुलामुलींच्या घरांत हे आधी कळलेलं बरं, म्हणून हे काम करणारे आम्ही काही जण लिहीत आहोत.

मोठ्या जागा म्हणजे भिवंडीची गोडाऊनं, न्हावा शेवाचं बंदर, विमानतळ, मोठी हॉस्पिटलं, रेल्वे स्टेशनं. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलने फुकट वाय-फाय सुरू केलं, ते आपल्यापैकी अनेकांनी वापरलंय. घरात एक राउटर पुरतो. गोडाऊनमध्ये मात्र छताला डझनावारी ॲक्सेस पॉइंट टांगलेले असतात आणि माल उचलणाऱ्याच्या हातातला स्कॅनर त्यांच्यावर चालतो. वाय-फाय गेलं की स्कॅनर थांबतो, स्कॅनर थांबला की ट्रक दारात अडकतो आणि सगळ्यांचे फोन आपल्याला येतात.

नवख्याला वाटतं, सिग्नल कमी आहे तर आणखी एक ॲक्सेस पॉइंट लावू. पण २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. जास्त डबे लावले की ते एकमेकांच्या बोलण्यात बोलतात आणि सगळंच मंदावतं. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल भरपूर आहेत, आपल्याकडे त्याचा मोठा पट्टा २०१८ मध्ये विनापरवाना खुला झाला, पण त्याचा पल्ला कमी. शिवाय त्यातले काही चॅनल रडारही वापरतं. रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला तो चॅनल सोडावाच लागतो. बंदर किंवा विमानतळाजवळ नेटवर्क मध्येच झटका खातं, त्यामागे कधी कधी हेच असतं.

आमची एक चूक सांगतो. एका गोडाऊनचा सर्व्हे आम्ही ते रिकामं असताना केला. प्रत्येक कोपऱ्यात सिग्नल उत्तम, सगळे खूश. महिन्याभराने लोखंडी रॅकवर शीतपेयांच्या पेट्या छतापर्यंत रचल्या गेल्या आणि मधल्या गल्ल्यांत स्कॅनर मेले. पाणी रेडिओ लहरी शोषतं, लोखंड त्या परतवतं. पुस्तकात हे आम्ही वाचलेलं होतं. तरी गोडाऊन भरल्यावर काय होईल हे कुणी विचारलं नाही. शेवटी गल्लीच्या दिशेने तोंड केलेले अँटेना लावले, आणि काम दुसऱ्यांदा केल्याचा खर्च अर्थातच कुणी दिला नाही.

दुसरं म्हणजे, ज्याला लोक "वाय-फाय खराब" म्हणतात त्यात पुष्कळदा हवेचा दोषच नसतो. ॲक्सेस पॉइंटला डेटा आणि वीज एकाच केबलमधून मिळते, आणि तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे फायबर टाकायची असते. कुणीतरी पैसे वाचवायला लांब केबल ओढलेली असते, आणि डबा अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो. समुद्राजवळ तर कनेक्टर गंजतात. कधी स्कॅनरच हट्टी असतो: माणूस दुसऱ्या टोकाला पोहोचला तरी तो लांबच्या जुन्या डब्याला चिकटून बसतो. म्हणून चांगला इंजिनिअर आधी विचारतो: कुठे, किती वाजता, कोणत्या स्कॅनरवर? आणि उत्तरं लिहून ठेवतो. आमच्या मते या कामात महागड्या मीटरपेक्षा ही वही जास्त कामाला येते.

मोठे बदल रात्रीच होतात, साधारण १ ते ४ च्या दरम्यान. रमजानमध्ये लॅपटॉपवर अपडेट चालू आणि शेजारी सहरीचा डबा, हे आम्हाला नवीन नाही. ईदला आमची ड्युटी सोबतचे घेतात, दिवाळीला त्यांची आम्ही. हे आधीच बोलून ठेवलं तर अडत नाही.

आता घरच्यांनी लक्ष द्यायची गोष्ट. आमच्यातला एक जण शिडीवरून पडला, मनगट मोडलं, सहा आठवडे घरी बसला. ठेकेदाराकडून नियुक्तीपत्र नव्हतं, त्यामुळे पगार नाही आणि दवाखान्याचा खर्चही घरचाच. तेव्हा पगार किती हे विचारण्याआधी पत्र, पीएफ, ईएसआय किंवा अपघात विमा आणि प्रवासखर्च विचारा. हार्नेस, हेल्मेट आणि उंचीवर चढायचा परमिट नसेल तर मुलाने "नाही" म्हणावं. त्यावर घरून "नोकरी जाईल" असा दबाव कृपया आणू नका.

शिक्षणाचं थोडक्यात: दहावीनंतर तीन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा डिप्लोमा, किंवा आयटीआय करून पुढे वाढता येतं. भायखळ्याचं साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आपल्या लोकांना ठाऊक आहेच. त्यावर सीसीएनए, आणि वायरलेससाठी सीडब्ल्यूएनए. मुलींनी सर्व्हे आणि डिझाइनकडे जरूर बघावं. शिडीवरच चढावं लागतं असं नाही.

अनुभव आला की कोकणातली मुलं आखाताकडे बघतात. तिकडे विमानतळ, मॉल, हॉटेल सगळीकडे हेच काम आहे. मक्केत तर गैरमुस्लिमांना प्रवेश नसल्यामुळे तिथल्या जागेवरच्या दुरुस्तीला मुस्लिम तंत्रज्ञच लागतात. मात्र एजंट सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. लाखभर मागणाऱ्याला तिथूनच सलाम करा. आणि ऑफर लेटरवरचं पद व्हिसावरच्या पदाशी जुळतं का, तेही तपासा. इंजिनिअर म्हणून नेऊन केबल ओढायला लावलेले आमच्या ओळखीत आहेत.