निफाडकराची जपानी
न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी आमच्या निफाडला जन्मले. मुंबई विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून ते झगडले. त्यांच्याच नावाच्या पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुढे कितीतरी मुले परदेशी भाषा शिकली. मी तिथे जपानी शिकलो. पहिला शब्द पाठ केला तो ‘बुदो’, म्हणजे द्राक्ष. निफाडकर दुसरे काय करणार?

वर्गात बहुतेकजण जपानी शब्दापुढे इंग्रजी अर्थ लिहीत. मला तो द्राविडी प्राणायाम वाटे. ‘मिझु ओ नोमु’ म्हणजे ‘पाणी पिणे’; क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखे. जेवणाआधीच्या ‘इतादाकिमासु’ला इंग्रजीत नेमका शब्द नाही. पण ताटावर बसून श्लोक म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला त्यातला भाव समजावून सांगावा लागत नाही.

काही शब्द तर मुळात इकडचेच. बौद्ध धर्माबरोबर ते चीनमार्गे जपानला पोहोचले. ध्यानाचे ‘झेन’ झाले, पात्राचे ‘हाची’, म्हणजे वाडगा. आणि दानाचे झाले ‘दान्ना’! मठाला दान देणारा तो दान्ना. पुढे त्याचा अर्थ घरधनी झाला, मग नवरा. आपल्या बायका तरी नवऱ्याला ‘यजमान’च म्हणत आल्या ना?