रेडिओचं लायसन आणि भामरागडचा पूर

कोणाच्या घरी जुन्या कागदांत रेडिओ लायसनचं पुस्तक आहे का? शोधा जरा. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे, तिकीट चिकटवून आणायचे.

१९२७ ला मुंबईत खाजगी कंपनीने रेडिओ सुरू केला. लायसन १० रुपये. भागलं नाही, १९३० मध्ये कंपनी बुडाली. सरकारने कारभार घेतला, १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ नाव पडलं. नागपूर केंद्र १९४८ चं. १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती आल्या, मुंबई-पुण्यासोबत नागपूरलाही. १९८५ ला लायसन बंद. १९९७ पासून प्रसार भारती, म्हणायला स्वायत्त, पण पगार केंद्राच्या अनुदानातूनच.

गोम इथेच आहे. ऐकणारा आता थेट पैसे देत नाही, आणि जाहिरातदाराला भामरागड-एटापल्लीत गिऱ्हाईक दिसत नाही. पण पर्लकोटेला पूर आला, रस्ता तुटला, लाईट गेली, मोबाईलची रेंज गेली, की सेलवरचा रेडिओच उरतो. आणि एफएम डोंगर-जंगलात लांबवर पोचत नाही.

लायसन गेलं तरी टॅक्स आपणही भरतो ना? मग आवाज पोचवा म्हणणं हा हक्क आहे, उपकार नाही.

तुमच्या गावात चंद्रपूर केंद्र लागते का? गावाचं नाव खाली लिहा.