गर्भवतींच्या ताटातून आलेले ज्ञान : मुंबईतील रक्तक्षयाचे संशोधन (१९२८-१९३३)

विसाव्या शतकाच्या प्रारंभी सामान्य मुस्लिम घरातील स्त्रीला गरोदरपणाविषयी काही जाणून घ्यावयाचे असल्यास तिच्यापुढे मोजकेच मार्ग होते. घरातील वडीलधारी बाई, मोहल्ल्यातील सुईण, युनानी हकीम, आणि वाचता येत असल्यास उर्दूतील गृहशिक्षणाची पुस्तके. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर' या ग्रंथात धार्मिक आचाराबरोबरच औषधोपचाराचाही भाग आहे. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनीही स्त्रियांसाठी आरोग्यरक्षणावर लेखन केले. या साऱ्यात उपयुक्त असे पुष्कळ होते. परंतु एखादा सल्ला चुकीचा असेल तर ती चूक उघडकीस कशी यावी, याची व्यवस्था त्यात नव्हती. विश्वसनीय माहितीचा प्रश्न खरे तर इथूनच सुरू होतो, आणि त्याचे एक ठळक उत्तर मुंबईत, मुस्लिम स्त्रियांच्याच संदर्भात शोधले गेले. आपल्या समाजाच्या इतिहासात त्याची नोंद फारशी आढळत नाही, हे खेदाचे आहे.

त्या काळी मुंबईतील गरीब स्त्रियांमध्ये गरोदरपणात एक तीव्र रक्तक्षय दिसून येई. तांबड्या रक्तपेशींची संख्या घटे, पण उरलेल्या पेशी आकाराने मात्र मोठ्या असत. त्याला 'गर्भावस्थेतील घातक रक्तक्षय' असे नाव होते. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशनतर्फे मातामृत्यूंची चौकशी चालू होती. डॉ. मार्गरेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या डॉ. ल्यूसी विल्स (१८८८-१९६४) १९२८ मध्ये त्या कामासाठी मुंबईस आल्या.

याच वर्षी कॅथलीन व्हॉन यांचे पडदापद्धती आणि मातृत्व यांविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सूर्यप्रकाशाच्या अभावी स्त्रियांची हाडे मऊ होतात, कटीर आकसते आणि प्रसूती अवघड होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हाडांपुरते त्यात तथ्य आहे. ड जीवनसत्त्व त्वचेत उन्हामुळेच तयार होते. मात्र मुस्लिम स्त्रीच्या प्रत्येक दुखण्याचे कारण पडद्यात शोधण्याची सवय लागली की पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. विल्स यांनी तो विचारला : या स्त्रिया रोज खातात काय?

एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचा आहार व राहणीमान यांची पाहणी केली आणि १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. आहार जितका निकृष्ट, तितका रक्तक्षयाचा संभव अधिक, असा संबंध त्यांना आढळला. सर्वांत निकृष्ट आहार आणि सर्वाधिक रक्तक्षय या दोन्ही गोष्टी गरीब मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या होत्या. येथे 'गरीब' हा शब्द 'मुस्लिम' या शब्दाइतकाच महत्त्वाचा आहे. वर्गात शिकवताना त्यातील एक गाळला तर निष्कर्ष विपरीत होतो.

संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. १९२९ च्या उन्हाळ्यात विल्स कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. तेथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या देखरेखीखाली पोषणाचे संशोधन चाले. मुंबईतील मुस्लिम स्त्रियांच्या आहारासारखाच आहार पांढऱ्या उंदरांना देण्यात आला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि गाभण माद्या पिल्ले होण्यापूर्वीच मेल्या. आहारात यीस्ट घातल्यास रक्तक्षय टळे. पुरावा निर्णायक वाटावा असाच होता. पण पुढे लक्षात आले की त्या उंदरांना उवांमुळे संसर्ग झालेला होता, त्यामुळे त्यांच्या रक्तक्षयाचे कारण केवळ आहार असे म्हणता येत नव्हते. मग तेच काम माकडांवर पुन्हा करण्यात आले. संपूर्ण संशोधनातील हा टप्पा सर्वांत शिकण्यासारखा आहे. हाती आलेला अनुकूल निष्कर्षही संशयास्पद ठरताच बाजूला ठेवला गेला.

रुग्ण स्त्रियांवरील उपचारांतून आणखी एक भेद स्पष्ट झाला. खऱ्या घातक रक्तक्षयावर यकृताचा उपाय १९२६ पासून ज्ञात होता. मुंबईच्या रुग्णांना यकृताच्या कच्च्या अर्काने गुण येई, पण शुद्ध केलेल्या अर्काने येत नसे. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी गळत होते. ते 'काहीतरी' मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्कात भरपूर होते. मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टपासून तो बनवीत. या उपचाराचा वृत्तांत १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला आणि त्या अज्ञात द्रव्यास 'विल्स घटक' म्हटले जाऊ लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या भाजीपासून फॉलिक अॅसिड वेगळे करण्यात आले. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. या प्रयोगशाळेतील संशोधनाचे नेतृत्व आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

मुंबईतील गर्भवतींच्या रक्तातून जन्मलेले हे ज्ञान औषधाच्या गोळीच्या रूपाने देशव्यापी कार्यक्रमात आले ते १९७० मध्ये, लोह आणि फॉलिक अॅसिड यांच्या संयुक्त वाटपाने. मधल्या चाळीस वर्षांत किती बाळंतिणी गेल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष पुष्कळ प्रमाणात टळतात. गर्भाची मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी. त्यामुळे ही माहिती बाळंतपणाच्या दवाखान्यात मिळून उपयोगी नाही. ती महाविद्यालयीन वयातच मिळावयास हवी.

विल्स यांनी दाखविलेला भेद अजूनही लागू पडतो. ब-१२ च्या अभावाने झालेल्या रक्तक्षयात केवळ फॉलिक अॅसिड दिले तर रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. लोहाच्या अभावाने होणारा रक्तक्षय आणखी वेगळा. त्यात पेशी लहान होतात. 'अशक्तपणा आहे, रक्तवाढीचे काहीतरी घ्या' हा घरोघरी मिळणारा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हा आकडा हिमोग्लोबिनवर बेतलेला असल्याने रक्तक्षय कोणत्या प्रकारचा, हे तो सांगत नाही.

कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. या संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. डाळी, पालेभाज्या, यकृत यांत फोलेट किती, ते त्यांत अंकांनिशी दिलेले आहे. अर्थात ते कच्च्या पदार्थांचे अंक आहेत. भाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी ओतून दिले, तर त्यातील बराच भाग ताटापर्यंत पोहोचत नाही.