प्लास्टिकच्या पत्र्यातून १६ मिलिमीटरची रायफल : युद्धखेळातील हस्तकाम

एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. आज ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा १९८७ मध्ये आलेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा या छंदातला मोठा खेळ आहे. सैनिकासाठी हवं ते हत्यार संचात नसलं, की हौशी मंडळी ते स्वतः घडवतात. यालाच स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात.

माप : २८ मिलिमीटरचा सैनिक साधारण १:५६ प्रमाणात धरतात. म्हणजे ९० सेंटिमीटरची रायफल १६ मिलिमीटर भरते. पण २ सेंटिमीटर जाडीची नळी जेमतेम ०.३६ मिलिमीटर होईल आणि हात लागताच तुटेल. म्हणून ती मुद्दाम १ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात.

काम : पॉलिस्टायरीनचा अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या. आरपार कापू नका. पट्टी धरून कटरने दोन-तीन ओरखडे मारा आणि वाकवा, सरळ तुटतो. थरावर थर चिकटवून दस्ता तयार करा, पॉलिश पेपरने घासा. नळीसाठी प्लास्टिकची गोल कांडी वापरा.

गोंद : काम फसतं ते इथेच. पॉलिस्टायरीन सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतं. जुनी एटीएम कार्डं मात्र बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांना सुपरग्लू लावा. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा. लहान मुलांच्या हाती कटर देऊ नका.