मेणवलीच्या घाटावर, नानांच्या काळात

वाशीहून पहाटे गाडी काढलीत, खंबाटकी ओलांडून वाईला आलात आणि तीनेक किलोमीटर पुढे मेणवली गाठलीत, की कृष्णेचा घाट पाहताच तुम्ही म्हणणार, "अरे, हे तर 'स्वदेस'मधलं चरणपूर!" अगदी बरोबर. २००४च्या त्या सिनेमातलं उत्तर प्रदेशचं गाव इथेच उभं राहिलं. पण आज शाहरुखला विसरा. चपला काढा आणि थेट नाना फडणवीसांच्या काळात पाय ठेवा.

बसला ना चटका? काळा दगड दुपारी असाच तापतो. भरभर उतरा, गुडघाभर पाण्यात जा. शेजारी धुणं आपटल्याचे दणके, शिकेकाईचा उग्र वास, चिंचेनं लख्ख घासलेल्या घागरी. पोरं वरच्या पायरीवरून सूर मारतायत. भिजणार तुम्ही, इलाज नाही. कुणी विचारलंच, "कुठले आपण?" तर नवी मुंबई सांगू नका. तिथे अजून खाडी आणि भातखाचरं आहेत. बेलापूरचे म्हणा, तिथला किल्ला ऐकून माहीत असेल.

आता मेणेश्वराच्या देवळाजवळच्या त्या मोठ्या घंटेखाली उभे राहा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधून आलेली ही घंटा. अंगावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. टोल पडला की फासळ्यांत घुमतो. पडद्यावरून हा नाद अंगात शिरत नाही, त्यासाठी इथेच यावं लागतं.

मागच्या दारानं नानांच्या वाड्यात शिरा, डोकं सांभाळून. बाहेर रणरणतं ऊन, आत जाड भिंतींचा गारवा. वाडा सहा चौकांचा. कुठे मुसळाचा ठोका, कुठे तान्ह्याचं रडणं, सगळ्यावर चुलीचा धूर. पण मला विचाराल तर कारकून बसलेत तिकडे चला. मांडी घालून बसलेला तो एकजण पाहा. बोरू दौतीत बुडवतो, झटकतो आणि हात न उचलता मोडीची अख्खी ओळ ओढतो. काजळाच्या काळ्या शाईवर चिमूटभर बारीक वाळू भुरभुरतो, कागद तिरका करतो, वाळू परत डबीत. पुन्हा बोरूची करकर. असल्याच कागदांचे रुमाल पुढे मेणवली दप्तर म्हणून इतिहासकारांच्या हाती लागले. सिनेमाला हा घाट दिसला, याचा मला आनंदच आहे. पण वाड्याचा जीव या करकरीत होता.

धुळीनं माखलेला जासूद आत येतो, घामाचा नि घोड्याचा वास घेऊन. खलिता देतो, पाणी मागतो. तितक्यात पानं मांडल्याची हाक येते. हातपाय धुवा, पाटावर बसा. केळीच्या पानावर वाफाळता भात पडलाय, वर पिवळंधमक वरण. वाढपी तूप घेऊन येतोय, हात आडवा धरू नका.